आंतरजालावरील साधनांची जुळवणी आणि वर्गातील पाठ

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील भाषणाचा मजकूर)



साधनांचा तुटवडा ही प्राथमिक शाळेची जुनी तक्रार होय. एक फळा, एक नकाशा, पाठ्यपुस्तक आणि शिक्षकाने स्वतः रंगविलेले दोनचार तक्ते एवढ्या सामग्रीवर या जिल्ह्यातील कित्येक पिढ्या शिकल्या. आता ही तक्रार पुष्कळशी उलटी झाली आहे. ज्या शाळेत एक मोबाइल आहे आणि तुटकतुटक का होईना, पण नेट मिळते, तेथे ‘गोदावरी’ एवढा एकच शब्द टाकला की चित्रफिती, छायाचित्रे, ज्ञानकोशांतील नोंदी, सरकारी आकडे आणि कोणी कोठे लिहिलेली टिपणे यांचा ढीग समोर येऊन पडतो. या ढिगातून एका तासिकेचा पाठ कसा उभा करावा, हा आजचा विषय आहे. विषय तंत्राचा दिसतो. परंतु वस्तुतः तो पाठटाचणाचा आहे, आणि पाठटाचण हे प्राथमिक शिक्षकाचे घरचेच शास्त्र आहे.

२०२० सालच्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा या प्रश्नाने प्रथम सर्वांस गाठले. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाने अभ्यासमाला पाठविण्यास आरंभ केला. जुलैपासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका लागली. गावोगावच्या शिक्षकांनी पालकांचे व्हॉट्सॲप गट केले आणि हाती येईल ते उत्तम साहित्य त्यांवर टाकले. हेतूबद्दल कोणास शंका नसावी. तथापि फळ काय मिळाले, हेही पाहिले पाहिजे. त्या वर्षीच्या ‘असर’ पाहणीत असे आढळले की, ग्रामीण भारतात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे अशांचे प्रमाण २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून ६१.८ टक्क्यांवर गेले होते. आणि तरीही पाहणीच्या आठवड्यात शाळेकडून काही ना काही अभ्याससाहित्य मिळालेली मुले सुमारे एक तृतीयांशच होती. घरात फोन असणे निराळे आणि तो सकाळी अकरा वाजता मुलाच्या हाती असणे निराळे. तो फोन वडिलांबरोबर सातपूरच्या कारखान्यात किंवा लासलगावच्या बाजार समितीत गेलेला असे, रात्री परत येई, आणि तोवर त्यात सात दुवे साचलेले असत. सातांपैकी पहिला कोणता उघडावा, तो पाहून काय करावे, पुस्तकातील कोणत्या पानाशी त्याचा संबंध आहे, याचा उलगडा मुलास कोणी केलेला नसे. पेठ, सुरगाणा किंवा त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर तर नेटसाठी टेकडी चढावी लागे. साधने पुष्कळ पाठविली गेली. त्यांची जुळवणी मात्र मुलावरच सोडली गेली, आणि ती जुळवणी म्हणजेच शिक्षकाचे काम होते.

या बाबतीत नाशिककरांस दूर जाण्याचे कारण नाही. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली नाशिक येथेच स्थापन झाले. त्याचे पहिले कुलगुरू प्रा. राम ताकवले. समोर शिक्षक नसताना शेतकरी, कामगार, गृहिणी यांनी शिकायचे कसे, हा त्या विद्यापीठापुढील प्रश्न होता. स्वयंअध्ययनासाठी मुद्दाम लिहिलेली पुस्तके, ध्वनिफिती, चित्रफिती आणि अभ्यासकेंद्रातील संपर्कसत्रे यांची सांगड घालण्याचा मार्ग तेथे धरला गेला. त्या पद्धतीत पुस्तक हा कणा असतो व बाकीची साधने त्यास जोडलेली असतात. आंतरजाल सर्वसामान्यांच्या हाती येण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. परंतु अनेक माध्यमांना एका सूत्रात ओवण्याचे तत्त्व आजही तेच आहे. पुढे २००१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने आपले अभ्यासक्रम सर्वांस मोफत खुले करण्याचे जाहीर केले आणि २००२ साली युनेस्कोच्या पॅरिस येथील बैठकीत ‘मुक्त शैक्षणिक साधने’ ही संज्ञा रूढ झाली. भारतात केंद्र शासनाचे ‘दीक्षा’ हे व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकास क्यूआर कोड जोडण्याचा जो प्रयोग केला, त्याची दखल २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्काराने घेतली गेली. क्यूआर कोड म्हणजे तरी काय? छापील पान आणि दूरवरचे साधन यांच्यामधील एक टाका. असे टाके घालणारा हात शिक्षकाचा असावा, एवढेच येथे म्हणावयाचे आहे.

आता एक पाठ प्रत्यक्ष घेऊन पाहू या. विषय परिसर अभ्यास, वर्ग चौथी किंवा पाचवी, शाळा गोदाकाठची. येथे एक सावधगिरी अगदी आरंभी पाळावी लागते. ‘गोदावरीविषयी काय काय मिळते’ असा शोध घेऊ नये. तसे केल्यास उगमापासून कुंभमेळ्यापर्यंत सर्व काही मिळते व पाठ कोणताच होत नाही. आधी मुलांच्या तोंडचा एक प्रश्न ठरवावा. उदाहरणार्थ: ‘गंगेला पूर येतो, ते पाणी कोठून येते आणि कोठे जाते?’ नाशिकची मुले गोदावरीस गंगाच म्हणतात. प्रश्नातही तोच शब्द राहू द्यावा. हा प्रश्न पाठटाचणाच्या माथ्यावर लिहिला की, समोरच्या ढिगातील नऊ दशांश साहित्य आपोआप बाजूला होते.

पहिले साधन पाठ्यपुस्तकच. त्याच्या पानावर क्यूआर कोड असल्यास त्याखालील सहा अक्षरेही पाहावीत. कॅमेरा बिघडलेला असला तरी ती अक्षरे दीक्षाच्या ॲपमध्ये टाइप करून तोच घटक उघडता येतो, आणि तेथील पुष्कळसे घटक एकदा उतरवून घेतले म्हणजे नंतर नेटवाचूनही चालतात. दुसरे साधन मराठी विश्वकोशातील गोदावरीची नोंद. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथे उभारलेला हा कोश आता संकेतस्थळावर कोणासही वाचता येतो. त्याची भाषा चौथीच्या मुलास जड पडते; म्हणून ती नोंद मुलास पाठवावयाची नसून शिक्षकाने स्वतः वाचून तिच्यातील चार वाक्ये आपल्या सोप्या शब्दांत लिहावयाची असतात.

तिसरे साधन उपग्रहचित्र. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे ‘भुवन’ हे व्यासपीठ २००९ पासून उपलब्ध आहे. त्यावर त्र्यंबकेश्वराच्या ब्रह्मगिरीपासून बोट फिरवीत गंगापूर धरणाचा जलाशय, नाशिक शहर, निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वरचा बंधारा आणि पुढे पैठणचे जायकवाडी धरण असा प्रवास मुलांस स्वतः करता येतो. नांदूर मधमेश्वरास गोदावरी व कादवा यांचे पाणी एकत्र येते. तेथील पाणथळ प्रदेश २०२० च्या जानेवारीत रामसर यादीत गेला; महाराष्ट्रातील तो पहिला. पक्ष्यांची छायाचित्रे येथे दाखविण्याचा मोह होईल, पण तो आवरावा. पक्ष्यांचा पाठ निराळा आहे.

चौथे साधन जलसंपदा विभागाचे धरणसाठ्याचे आकडे, आणि खरी गंमत येथे आहे. पावसाळ्यात हे आकडे रोज प्रसिद्ध होतात. मुलांनी रोज सकाळी गंगापूर धरणाचा साठा फळ्याच्या कोपऱ्यात लिहावा, पंधरा दिवसांनी त्याचा आलेख काढावा. परंतु दोन ठिकाणचे आकडे एकत्र करू लागताच एक अडचण पुढे येते. एका ठिकाणी साठा दशलक्ष घनफुटांत दिलेला असतो, तर दुसऱ्या ठिकाणी दशलक्ष घनमीटरांत. एका घनमीटरात सुमारे ३५.३ घनफूट बसतात. हे ध्यानात न घेता दोन्ही आकडे एकाच आलेखावर मांडले, तर धरण एका रात्रीत पस्तीस पट भरले किंवा आटले असे दिसेल! नदीत सोडलेले पाणी क्युसेकमध्ये, म्हणजे दर सेकंदास इतके घनफूट, असे सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदास सुमारे २८.३ लिटर. होळकर पुलाखालून दहा हजार क्युसेक पाणी वाहत आहे असे वर्तमानपत्रात आले, तर त्याचा अर्थ मुलांनी काढावा: सेकंदास २ लक्ष ८३ हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे अठ्ठावीस टँकर दर सेकंदास. गणिताचा पाठ भूगोलात येऊन मिळतो तो अशा रीतीने, आणि त्यासाठी समन्वयावर व्याख्यान द्यावे लागत नाही.

पाचवे साधन आंतरजालावर नाही. ते गावात आहे. रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती हा नाशिकचा परंपरागत पूरमापक होय. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, गळ्याशी आले, या शब्दांत नाशिककर पुराची उंची सांगत आले आहेत. १९६९, २००८ आणि २०१६ हे मोठे पूर होत. यांपैकी १९६९ चा पूर डोळ्यांनी पाहिलेले आजी-आजोबा अजून कित्येक घरी आहेत. मुलाने फोनवर त्यांचे तीन मिनिटांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून आणावे. पाणी कोणत्या गल्लीपर्यंत आले, दुकानांतील माल कोठे हलविला, शाळा किती दिवस बंद राहिली, एवढे तीनच प्रश्न विचारावेत. हे ध्वनिमुद्रण विश्वकोशातील चार वाक्यांच्या आणि धरणाच्या आलेखाच्या शेजारी ठेवले की, क्युसेकचा आकडा मुलास प्रथमच कळतो. कोणतेही व्यासपीठ, कितीही मोठे असो, हे पाचवे साधन पुरवू शकत नाही. जी जुळवणी केवळ जालावरील वस्तूंची आहे ती नाशिकच्या शाळेसही चालेल आणि नागपूरच्याही. म्हणूनच ती कोणाचीच नसते. बालभारतीने इयत्ता तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्हावार काढले, त्यामागील विचार याहून वेगळा नाही.

साधने पाच झाली. सहावे घेऊ नये, असा नियम नाही. परंतु घ्यावेसे वाटल्यास पाचांतून एक काढावे.

ही साधने एका पानावर आणण्याचे तीन मार्ग आहेत आणि त्यांचे गुणदोष भिन्न आहेत. दुवा देणे हा सर्वांत सोपा. यात मूळ साधन धन्याच्याच घरी राहते. मुलास तेथे जावे लागते. धन्याने घर बदलले की दुवा मरतो, आणि मेलेल्या दुव्यासमोर बसलेले मूल आपलेच काही चुकले असे समजते. दुसरा मार्ग म्हणजे आपल्या पानावर चौकट बसवून तीत दुसरीकडची चित्रफीत चालविणे. मूल पानावरून हलत नाही, हा लाभ मोठा आहे. परंतु नेट लागतेच, शिवाय चित्रफीत संपताच तिच्याच पोटातून दुसऱ्या चित्रफितींची आमिषे डोकावू लागतात. तिसरा मार्ग साधनाची प्रत करून शाळेच्या संगणकात किंवा फोनमधील कार्डात ठेवण्याचा. जेथे नेट नाही तेथे हाच एक मार्ग खरा. किविक्स नावाच्या मोफत प्रणालीने विकिपीडियासारखा अख्खा कोश एकदा उतरवून घेतला की, तो नंतर नेटवाचून वाचता येतो. सुरगाण्याच्या शिक्षकाने गटसाधन केंद्रात आला असता हे काम उरकून जावे. प्रत हलकी ठेवावी. दहा मिनिटांच्या चित्रफितीतील दोनच मिनिटे लागत असतील, तर कोणत्या मिनिटापासून कोणत्या मिनिटापर्यंत पाहावे ते पानावर लिहावे. पालकाच्या खिशातून जाणाऱ्या डेटाचा विचार न करणारा पाठ चांगला म्हणता येणार नाही.

प्रत करावयाची म्हटले की अधिकाराचा प्रश्न येतो, आणि या बाबतीत शाळांतून बराच सैलपणा आढळतो. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमातील कलम ५२ प्रमाणे अध्यापनाच्या ओघात शिक्षकास व विद्यार्थ्यास काही सवलत आहे. ती वर्गापुरती आहे. वर्गात दाखविलेली वस्तू उचलून जगासाठी खुल्या पानावर ठेवणे ही गोष्ट वेगळी. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ प्रती विनामूल्य उतरवून घेता येतात; म्हणून त्या कोणीही कापून-जोडून प्रसिद्ध कराव्यात असा अर्थ होत नाही, पुस्तकावरच सर्व हक्क राखीव असल्याचे छापलेले असते. उलट विकिपीडियावरील मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अशा परवान्याखाली आहे की, मूळ श्रेय द्यावे आणि नवी रचनाही त्याच अटींवर इतरांस द्यावी, एवढे पाळले की तो घेता येतो, बदलताही येतो. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वरील मराठी गोष्टी केवळ श्रेय देऊन घेता येतात. ‘बिगर-व्यापारी’ आणि ‘फेरफार नको’ अशा अटी असलेलेही परवाने असतात. शेवटची अट असेल तेथे चित्रातील नावे पुसून मराठी नावे घालून ते वाटता येत नाही. मुलांस निबंधातील चोरी वाईट म्हणून सांगणाऱ्या शाळेच्या पानावर दुसऱ्याचे छायाचित्र नावावाचून असावे, हे शोभत नाही. प्रत्येक साधनाखाली कर्त्याचे नाव, ठिकाण आणि परवाना एका ओळीत लिहिण्यास अर्धा मिनिट लागतो.

मुलांच्या खाजगीपणाबद्दलही येथेच सांगितले पाहिजे. आजीच्या आवाजाचे मुद्रण वर्गात ऐकविणे आणि ते मुलाच्या नाव-गावासह जाहीर ठेवणे यांत अंतर आहे. २०२३ च्या अंकीय वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक धरली आहे. पालकांस विचारल्यावाचून मुलाचा चेहरा, नाव वा आवाज शाळेबाहेर जाऊ देऊ नये.

अनेक साधने एकत्र आली की ती एकमेकांशी भांडतात. गोदावरीची लांबी कोठे १४६५ किलोमीटर, तर कोठे १४५० किलोमीटर दिलेली आढळते. मुलाने हे दाखविले तर त्यास गप्प करू नये. कोणता आकडा कोणी दिला, कोणत्या साली दिला, दुसऱ्याने पहिल्याचाच उतरवून घेतला काय, एवढे तरी वर्गात पाहावे. कोशातील लोकसंख्येचा आकडा जुन्या जनगणनेचा असतो. तो खोटा नसतो, त्याचे वर्ष सोडून वाचणारा फसतो. विकिपीडियातील नोंद कोणासही बदलता येते, यामुळे कित्येक शिक्षक तिला हातही लावीत नाहीत. हा अतिरेक होय. नोंदीच्या तळाशी दिलेले संदर्भ पाहावेत, ते नसतील तर ती नोंद सोडावी. चित्रफितीचे मात्र उलट आहे. ती आकर्षक असते, तिच्याखाली संदर्भ नसतात, आणि तिच्यावर कोणी शंका घेत नाही.

हे सर्व वाचून एखाद्या द्विशिक्षकी शाळेतील शिक्षक म्हणेल की, दोन वर्ग एकत्र सांभाळताना, पोषण आहाराची नोंद ठेवताना आणि माहितीचे तक्ते भरताना असली पाने करण्यास वेळ कोठून आणावयाचा? ही हरकत खरी आहे व उपदेशाने तिचे निवारण होणार नाही. एका शिक्षकाने वर्षात एकच पान करावे. ते केंद्रातील सर्व शाळांनी वापरावे. पानावर करणाऱ्याचे नाव आणि दुवे शेवटचे तपासल्याची तारीख असावी. जूनमध्ये व दिवाळीच्या सुटीनंतर ते दुवे वरच्या वर्गातील दोन मुलांनी तपासून पाहावेत. मुलांस हे काम आवडते. केंद्रात दहा शाळा असतील तर वर्षास दहा पाने होतात, आणि तीन वर्षांत परिसर अभ्यासाचा मोठा भाग हाती येतो. शिक्षण परिषदेत एका पानाची चर्चा अर्धा तास व्हावी. परिपत्रकांचे वाचन थोडे कमी झाले तरी चालेल.

मात्र ही पाने जिल्ह्यात जशीच्या तशी फिरविता येणार नाहीत, कारण नाशिक जिल्हा हा एका नदीचा जिल्हा नाही. निफाड, सिन्नर, दिंडोरीचे बरेचसे पाणी गोदावरीस मिळून पूर्वेकडे बंगालच्या उपसागरास जाते. कळवण, सटाणा, मालेगावकडील गिरणा-मोसमचे पाणी तापीत पडून पश्चिमेस वळते. सुरगाणा व पेठेतून नार, पार आणि दमणगंगा घाट उतरून गुजरातच्या बाजूने थेट अरबी समुद्रास जातात. सुरगाण्याच्या मुलास दुतोंड्या मारुतीचे पान परके वाटेल आणि निफाडच्या मुलाने आपल्या जिल्ह्याचे पाणी मावळतीकडे वाहताना पाहिलेले नसेल. यास्तव पान तेच न ठेवता प्रश्न तोच ठेवावा: ‘आमच्या नदीला पूर येतो, ते पाणी कोठून येते आणि कोठे जाते?’ प्रत्येक तालुक्याने त्याभोवती आपली पाच साधने जुळवावीत आणि ही पाने तालुक्यांनी एकमेकांस पाठवावीत. ती आली की वर्गात जिल्ह्याचा नकाशा उलगडावा, सह्याद्रीच्या माथ्यावर खडूने एक ठिपका द्यावा आणि मुलांस विचारावे की, येथे पडलेला पाऊस कोणत्या समुद्रास पोचेल.